कोड चौदा : इतर

भोसरीच्या एमआयडीसीत, जे ब्लॉकच्या टोकाला,
रिक्षावाले जिथे ‘पुढे वळायला जागा नाही’ म्हणून उतरवतात,
तिथे मी सोळा वर्षं लोखंडातले दोष शोधते.

दिव्याखाली पंपाचं कवच फिरवायचं,
बोट आत घालायचं. डोळ्याआधी बोटाला कळतं.
मग तक्ता.
कोड एक : चीर. कोड चार : हवेची पोकळी.
कोड नऊ : वाळू चिकटली.
असे तेरा.
आणि तळाला, चिमटीएवढ्या चौकटीत,
कोड चौदा : इतर.

मी तिथे राहते.

सुरुवात नकळत झाली.
एका कवचाच्या पोटात अशी रेघ होती
की चीर म्हणवेना, ओरखडा म्हणवेना.
मी लिहिलं,
‘फुंकर मारल्यावर साय सरकते, तशी सुरकुती.’
लोणकर साहेबांनी तक्ता दोन बोटांत धरला,
ओल्या मोज्यासारखा.
“बाई, आपण इथं लोखंड तपासतो. दूध नाही.”
सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं.
सगळे हसले. मीही हसले.
न हसून काय करते,
पगारवाढीचा महिना होता.

मग अक्षर बारीक केलं.
साहेबांना जवळचं नीट दिसत नाही
आणि चष्मा लावायची लाज वाटते,
हे मी हेरून ठेवलं होतं.
‘मुंग्या सोडून गेल्यावर वारुळाला राहतात, तशी भोकं.’
‘कड अशी, की कुणी बोलता बोलता थांबलं.’
‘दोष सापडत नाही, पण पास करायला मन होत नाही.’
हे शेवटचं मात्र परत आलं.
लाल शाईत : मन हा कोड नाही.

तीन महिन्यांनी शिरोलीच्या भट्टीकडून लॉट आला.
पेटीच्या तारेत पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला,
काजळीच्या अंगठ्यासकट :
‘सायीचं बरोबर आहे. त्या दिवशी लाईट गेली,
ओतताना रस गार झाला. दि. मुजावर.’
मी तो पुठ्ठा डब्याच्या पिशवीत ठेवला.
पुढच्या तक्त्यात, चौदाच्या चौकटीत, विचारलं,
‘वाळू कुठली?’
सहा आठवड्यांनी :
‘कोकणातली. चाळताना कधी शिंपल्याचा चुरा निघतो.’
तेव्हापासून कोड नऊ लिहिताना
माझ्या टेबलाला जरा भरती येते.

त्यांना मी पाहिलेलं नाही.
आवाज कसा आहे, ठाऊक नाही.

या जानेवारीत तक्ते गेले, टॅबलेट आले.
काचेवर तेरा बटणं.
“चौदा कुठंय, साहेब?”
“ऑडिटवाल्यांनी उडवला. बाराशे नोंदी निघाल्या त्यात,
एकही आलेखात बसेना.”

बाराशे.
मी कधी मोजल्याच नव्हत्या.
कंपनीच्या बसमध्ये, नाशिक फाट्यापर्यंत,
ओठांतल्या ओठांत बाराशे, बाराशे करत आले.
शेजारची पमा म्हणाली, “काय गं, उधारी कुणाची?”

नियम आता असा आहे :
नापास मालावर लाल खडूनं खूण करावी.
कसली खूण, ते लिहिलेलं नाही.
शिवाय कवचाला आतली बाजू असते.
तिथे टॅबलेटचा कॅमेरा पोचत नाही,
बोट पोचतं.

ट्रक रात्री निघतो, पहाटे भट्टीवर.
सगळं पुन्हा रस होतं, माझ्या अक्षरासकट,
हे मला कळतं.
पण टाकायच्या आधी कुणीतरी
एकेक कवच उलटं करून पाहतं.

परवा साहेब म्हणाले,
“बाई, तुम्हालाच इतका खडू कसा लागतो?”
म्हटलं, “हवा दमट आहे, साहेब. मोडतो.”